थंडीत गाडी धुणं म्हणजे गाडी वाळवणं



गेल्या डिसेंबरात सकाळी सातला माझ्या पुतण्याचा फोन आला. पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन मंडळी मनालीला गेली होती आणि अटल बोगद्यातून पलीकडे, लाहौलमध्ये सिस्सूला मुक्कामाला होती. म्हणाला, "काका, गाडीचं दारच उघडत नाहीये. हॉटेलमधून उकळतं पाणी आणलंय, ओतू का?"

मी म्हटलं, "आधी बादली खाली ठेव. काल गाडी धुतलीस का?"

पलीकडे शांतता. धुतली होती. संध्याकाळी. फोटोत चिखल बरा दिसत नाही म्हणून.

मी त्याला रागावलो नाही. हीच चूक मी केलेली आहे, आणि ती एका माणसाच्या जिवावर बेतली होती.

1980च्या दशकाचा शेवट. मी नवा कॅप्टन, लडाखमध्ये. नोव्हेंबर संपत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांची पाहणी होती आणि आमच्या गाड्या धुळीनं माखलेल्या. मी दुपारी चारला हुकूम सोडला, सगळ्या गाड्या धुवून काढा. आमचे एमटी हवालदार गढवालचे, वीस वर्षं गाड्यांत काढलेले. ते म्हणाले, "साब, आज नहीं. कल ग्यारह बजे, धूप में." पाहणी दहाला होती. मी ऐकलं नाही.

अंधार पडेपर्यंत गाड्या लखलखीत झाल्या. एक जोंगा तेवढी रात्री नऊला परत आली. ड्रायव्हर दमलेला होता, म्हणून ती तशीच मळलेली राहिली.

पहाटे चारला मला उठवलं. एका जवानाला श्वास घेता येत नव्हता, खोकताना तोंडाला फेस येत होता. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, ते हेच. अशा माणसाला लगेच खाली, इस्पितळात न्यावं लागतं. आम्ही रुग्णवाहिकेकडे धावलो. दार उघडेना. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये बर्फ बसला होता. किल्ली गरम करून, धक्के देऊन कसंबसं उघडलं, इंजिनही चालू झालं, पण चाक हलेना. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून गोठले होते. मी ओरडलो, "गरम पाणी आणा!" हवालदार शांतपणे म्हणाले, "साब, वो पानी भी जम जाएगा." आणि ते त्या मळक्या जोंगाकडे गेले. ती चालू झाली आणि निघाली. पोरगा वेळेत पोचला, वाचला. पाहणीच्या वेळी मी सगळं स्वतःहून सांगितलं. बोलणी खाल्ली. ती खायलाच हवी होती.

त्या पहाटे मला कळलं ते असं. थंडीत गाडीचं नुकसान मळ करत नाही, मागे राहिलेलं पाणी करतं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. कुलपात, दाराच्या रबरात, ब्रेकमध्ये, रेडिएटरमध्ये, जिथे ते अडकेल तिथे ते चिकटवतं किंवा फोडतं. म्हणून धुवायला अर्धा तास लागत असेल, तर वाळवायला तेवढाच वेळ हाताशी ठेवा. तो नसेल तर गाडी मळकी राहू द्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

वेळ सकाळी अकरा ते दुपारी दोन. गाडी उन्हात उभी हवी. पारा पाच अंशांच्या खाली असेल तर धुवायच्या भानगडीत पडू नका, फक्त काचा, दिवे आणि नंबरप्लेट पुसा. पाणी कोमट चालेल, उकळतं कधीच नाही. गार काचेवर उकळतं पाणी पडलं की काच तडकू शकते.

आधी पाण्याच्या धारेनं रेती उडवून लावा. कोरडं फडकं फिरवाल तर तीच रेती रंगावर रेघोट्या ओढते. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. भांड्यांचा साबण नको, तो मेणाचा थर काढून टाकतो. थंडी सुरू होण्याआधी गाडीला एकदा मेण म्हणजे वॅक्स लावून ठेवा. पाणी आणि मळ कमी चिकटतो.

मग वाळवणं. दारं, डिकी, पेट्रोलचं झाकण उघडून रबर कोरड्या कापडानं टिपून घ्या आणि त्यावर सिलिकॉनचा हलका हात फिरवा. शेवटी एक-दोन किलोमीटर गाडी चालवा आणि मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, अधूनमधून हलका ब्रेक दाबा. ब्रेक तापतात, पाणी उडून जातं. ही पायरी सगळे विसरतात.

रात्री सपाट जागा शोधा. गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. चाकांना दगडाची उटी लावा आणि हँडब्रेक ओढू नका. वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर बर्फ असेल तर वायपर चालू करू नका, पातं फाटतं. इंजिन आणि हीटर चालू करून काच हळूहळू तापू द्या, मग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलेलं नाही हे बघा. ते बुजलं तर विषारी धूर गाडीत शिरतो.

आता बॉनेटखाली. आमच्या काळी ड्रायव्हर रात्री रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचे आणि सकाळी पुन्हा भरायचे. आज कूलंट आहे. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण उणे 35 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पण वाटेत कुणी साधं पाणी ओतून दिलं असेल तर ते बळ कमी होतं, म्हणून निघण्यापूर्वी तपासून घ्या. निव्वळ कूलंट भरणंही चूक आहे, ते मिश्रणापेक्षा बरंच लवकर गोठतं. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणीही काढून थंडीचं द्रावण भरा.

बॅटरी कडक थंडीत जेमतेम निम्मं बळ देते. जुनी असेल तर बदलूनच जा. डिझेल गाडीवाल्यांनी मैदानात भरलेल्या डिझेलवर लडाख गाठायला जाऊ नये, त्यातलं मेण साकळतं. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं 2019मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं आहे. टाकी तिथे भरून घ्या.

आमच्याकडे कुठे बर्फ पडतो, असं इंदूर, दिल्ली, नागपूरकडची मंडळी म्हणतील. पडत नाही, पण दव पडतं. रात्रभर बसलेली धूळ त्या दवात भिजते आणि पहाटे पाचला गाडी पुसणारा तीच एका फडक्यानं वीस गाड्यांवर घासतो. त्याला सांगा, "दादा, उन्हं आल्यावर या, आणि आधी पाणी मारा." गारठ्यात ओले हात घेऊन उभं राहण्यातून त्याचीही सुटका होईल.

आणि बर्फातून परत आलात की पहिल्याच उबदार दिवशी गाडीचा खालचा भाग जोरदार पाण्यानं धुवून घ्या. घसरण टाळायला रस्त्यावर रेती आणि कुठे कुठे मीठही टाकतात. ते पत्र्याला चिकटून घरी येतं आणि उबेत गंज धरायला लागतो.

पुतण्याचं काय झालं? त्याला म्हटलं, "ऊन कुठल्या बाजूला आहे ते बघ आणि थांब." दहाच्या सुमारास उन्हाकडचं मागचं दार सुटलं. तो तिथून आत शिरला, हीटर लावला आणि अकराला निघाला. मनालीत पोचल्यावर फोन केला, "काका, गाडी तशीच मळकी ठेवलीय." म्हटलं, शाब्बास.

जपून चालवा.