प्रतिष्ठानांचा पैसा आणि विधानसभेची निवडणूक

महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला कायद्याने जास्तीत जास्त ४० लाख रुपये खर्च करता येत होते, आणि अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचाच खर्च या मर्यादेत धरला जात होता. अर्जांची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर अशी होती आणि निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे पाच वर्षांच्या राजकारणापैकी जेमतेम एका महिन्याचा हिशेब कायद्याने मागितला. उरलेल्या काळात मतदारसंघात कोणाचा पैसा फिरतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे. उमेदवार नाही आणि पक्षही नाही, परंतु जिच्या खर्चाने एखाद्या उमेदवाराचे पारडे जड होते, अशा व्यक्तीला, मंडळाला किंवा संस्थेला येथे ‘बाह्य गट’ म्हटले आहे.

अमेरिकेत अशा गटांना कायदेशीर ओळख आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०१० रोजी ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील बंदी उठवली आणि त्यानंतर ‘सुपर पॅक’ नावाच्या समित्या उभ्या राहिल्या. या समित्या अमर्याद देणग्या घेतात व अमर्याद खर्च करतात, मात्र त्यांनी उमेदवाराशी संगनमत करायचे नसते आणि देणगीदार जाहीर करायचे असतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका जागेसाठी मतदान झाले, तेव्हा इलॉन मस्क व त्यांच्याशी जोडलेल्या गटांनी दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली आणि तरीही त्यांचा उमेदवार पडला, हे मतदारांना आकड्यानिशी कळू शकले. पैशाचा तो पूर निषेधार्ह आहे. परंतु त्याची नोंद ठेवली जाते, आणि महाराष्ट्रात नेमकी तीच ठेवली जात नाही.

महाराष्ट्रात हे काम प्रतिष्ठान, फाउंडेशन, युवा मंच आणि मित्रमंडळ या नावांनी चालते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून स्टीलची भांडी, श्रावणात देवदर्शनाच्या बसगाड्या, दहीहंडीला लाखांची बक्षिसे, गणपतीत मंडळांना भरघोस वर्गणी, दिवाळीला रवा-साखरेच्या पिशव्या असे वर्षभराचे वेळापत्रक असते. चौकातल्या फ्लेक्सवर मधोमध हात जोडलेला इच्छुक उमेदवार, वरच्या बाजूला छोट्या वर्तुळांत पक्षाचे नेते आणि तळाला ‘शुभेच्छुक’ म्हणून मंडळाचे नाव छापलेले असते. छपाईचे पैसे कोणी दिले, एवढेच त्यावर नसते. यातले सारेच वाईट असे मुळीच नव्हे, कारण नेत्रशिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धेला खरोखर दिसू लागलेले असते. परंतु बांधकाम व्यावसायिक किंवा रस्त्यांचा ठेकेदार जेव्हा अशा शिबिराचा खर्च उचलतो, तेव्हा उद्याच्या आमदाराकडून त्याची काय अपेक्षा आहे, हे विचारण्याचा मतदाराला पूर्ण हक्क आहे. संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर तिचे हिशेब १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे जातात, उमेदवाराचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जातो, आणि हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरही टाकलेली नाही.

ही उणीव नजरचुकीने राहिलेली नाही. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीतील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये असे ठरवले की, उमेदवाराच्या माहितीने व संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच हिशेबात धरावा. त्याच महिन्यात केंद्र सरकारने अध्यादेश काढून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमाला स्पष्टीकरण जोडले, आणि पक्षाने, संघटनेने किंवा कोणा हितचिंतकाने केलेला खर्च मर्यादेबाहेर नेला. पुढे अहमदनगर लोकसभा मतदारसंघातील १९९१ च्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या यशवंतराव गडाख विरुद्ध बाळासाहेब विखे पाटील या खटल्यात, मुख्य वाद प्रचारातील विधानांचा असूनही, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये या पळवाटेवर बोट ठेवले आणि खर्चमर्यादा ही निव्वळ धूळफेक ठरल्याचे स्पष्टपणे नोंदवले. संसदेला ती पळवाट अरुंद करायला २००३ साल उजाडले. त्यानंतर पक्षाच्या ‘स्टार प्रचारकां’चा प्रवासखर्च तेवढा वगळला जातो. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मात्र आजही कमाल मर्यादा नाही.

बाह्य व्यक्तीविषयी भारतीय कायद्यात एक तरतूद आहे आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहे. ब्रिटिश राजवटीने १९२० मध्ये दंड संहितेत घातलेले आणि आता भारतीय न्याय संहितेत १७६ वे झालेले कलम असे सांगते की, उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात किंवा पत्रक यांवर कोणी खर्च केल्यास तो गुन्हा होय. दंडाची कमाल रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपयांवर गेली. परंतु परवानगीशिवाय केलेल्या ज्या किरकोळ खर्चाला दहा दिवसांत मागाहून संमती घेता येते, त्याची मर्यादा शंभर वर्षांनंतरही दहा रुपयेच राहिली आहे. एवढा कडक नियम प्रामाणिक नागरिकाला पत्रक काढू देत नाही आणि धनिकाला अडवत नाही. ब्रिटनमध्ये अशीच मर्यादा पाच पौंडांची होती. फिलिस बोमन यांच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९८ मध्ये ती अन्याय्य ठरवल्यावर ती वाढवण्यात आली, आणि ठरावीक रकमेहून जास्त खर्च करणाऱ्या बाह्य गटांना नोंदणी, हिशेब व कमाल मर्यादा लागू झाली. महाराष्ट्रालाही हाच मार्ग हवा. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवल्यामुळे पक्षांना मोठी रक्कम देणाऱ्यांची नावे उघड झाली, हे फार मोठे काम झाले. प्रतिष्ठानांच्या देणगीदारांना मात्र तो निकाल लागू पडत नाही.

सौदी अरेबियातील अल-खोबर, दम्माम आणि धहरान येथील मराठी माणसांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. गावाकडचा कार्यकर्ता मंडळासाठी, शिबिरासाठी, क्रिकेट सामन्यांच्या चषकासाठी आखातातल्या नातलगाकडे हक्काने पैसे मागतो, आणि गावाविषयीच्या ओढीने ते दिलेही जातात. भारतीय पासपोर्ट असलेल्या नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आणि उमेदवाराचा नातलग नसलेल्या व्यक्तीकडून निवडणुकीचा उमेदवार किंवा पक्ष देणगी स्वीकारू शकत नाही, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही. शिवाय परवान्याशिवाय निधी गोळा करण्यास सौदी अरेबियात मनाई असल्याने येथे मित्रांकडून वर्गणी जमवून ती पाठवणे हा स्वतंत्र धोका आहे. परदेशस्थ मतदार म्हणून नोंदणी ‘६-अ’ अर्जाने होते, मतदानासाठी मात्र स्वतः गावी जावे लागते. त्यामुळे अनेकांच्या बाबतीत मत पोहोचत नाही आणि पैसा पोहोचतो. म्हणून ज्या संस्थेला पैसे द्यायचे तिचा नोंदणी क्रमांक, गेल्या वर्षीचा हिशेब आणि तिच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो असतो, या तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात, पावती स्वतःच्या नावाने मागावी, आणि पावती द्यायला जो कचरेल त्याला एक रियालही पाठवू नये.