कागद कुठे अडतो?

सरकारी कार्यालयात मागितली जाणारी छोटी लाच बहुतेक वेळा बेकायदा कामासाठी नसते. जे काम नियमाने व्हायचेच आहे, ज्याची फी ठरलेली आहे आणि ज्याचे कागद पूर्ण आहेत, तेच काम वेळेत व्हावे म्हणून ती द्यावी लागते. वारस नोंद, खरेदीचा फेरफार, शेताची मोजणी, रेशनकार्डात सुनेचे नाव चढवणे, मुलाचा जातीचा दाखला, विहिरीच्या अनुदानाचा हप्ता, अशी ही रोजची कामे. शेकडो कोटींच्या घोटाळ्याची बातमी माणूस वाचतो आणि विसरतो. आपल्याच सातबाऱ्यासाठी दोन हजार मोजावे लागले, हे मात्र तो विसरत नाही. विकला जातो तो वेळ. कागद कोणाच्या टेबलावर आहे आणि तिथून कधी हलणार, हे अर्जदाराला कळत नाही, तोवरच या विक्रीला गिऱ्हाईक मिळते.

फेरफाराची वाट पाहिली तर हे नीट उमगते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 प्रमाणे जमिनीत हक्क मिळालेल्या माणसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. खरेदीखत नोंदणीकृत असेल तर तेवढेही करावे लागत नाही, दुय्यम निबंधकाकडूनच सूचना जाते. तलाठी गाव नमुना 6 मध्ये नोंद धरतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि संबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी 15 दिवस ठेवलेले असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नाव लागते. कायद्यातली वाट एवढीच आहे.

प्रत्यक्षात या वाटेवर प्रत्येक वळणाला थांबा निघतो. आधी नोंद धरायलाच उशीर होतो. मग नोटीस बजावल्याची पोच सापडत नाही. मग एका वारसाचे नाव आधारकार्डावर ‘बाळासाहेब’ आणि जुन्या उताऱ्यावर ‘बाळू’ असल्याचे लक्षात येते आणि प्रतिज्ञापत्र मागितले जाते. ते आणून दिले की मृत्यूच्या दाखल्याची आणखी एक प्रत लागते. सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या तर त्या एकदम पूर्ण होतील. म्हणून त्या एकेक करून निघतात. शेवटी सही राहते, आणि साहेब मिटिंगला गेलेले असतात.

अर्जदाराचा हिशेबही समजून घ्यायला हवा. उदाहरणार्थ, अहिल्यानगर हा 14 तालुक्यांचा आणि सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. अकोले तालुक्यातल्या शेंडी-भंडारदऱ्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. म्हणजे एका खेट्यात एसटीचे भाडे, दिवसाचा रोज आणि घरी राहिलेल्या जनावरांची सोय, एवढे सगळे जाते. चार हेलपाट्यांचा खर्च आणि मागितलेली रक्कम यांची बेरीज-वजाबाकी केली की हात ओले करून मोकळे होणे स्वस्त पडते. लाच देणाऱ्याला ‘लोकच भ्रष्ट झालेत’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा मांडून पाहावी.

कार्यालयाची बाजूही आहे. तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पदनाम बदलले म्हणून काम कमी झालेले नाही. एका सजात अनेक गावे असतात, शेजारच्या सजाचा अतिरिक्त कार्यभार असतो, आणि त्यातच अवकाळीचे पंचनामे, ई-पीक पाहणी, निवडणुकीच्या याद्या, अनुदानाच्या याद्या येऊन पडतात. हा भार खरा आहे आणि त्याचा आडोसा घेतला जातो हेही खरे आहे. भार हलका करायला काही ठिकाणी खासगी माणूस बसवला जातो. लोक त्याला ‘झिरो तलाठी’ म्हणतात. त्याची नेमणूक कुठल्याच दप्तरात नसते, पगार सरकार देत नाही, तरी दप्तर त्याच्या हातात असते. त्याचे पोट कशावर चालते हे सांगायला लागत नाही. लाचलुचपतीच्या बातम्यांत आरोपीबरोबर ‘खासगी इसम’ असा उल्लेख येतो, तो बहुधा याच जातकुळीचा.

अहिल्यानगर जिल्ह्याने कागद अडण्याच्या रोगावर दोन वेगवेगळ्या बाजूंनी उपाय काढले. एक कार्यालयाच्या आतून आला, दुसरा चळवळीतून.

आतला उपाय 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धातला. अनिलकुमार लखीना हे तेव्हा या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची बैठक व्यवस्था, कर्मचाऱ्यांचे कामवाटप आणि अभिलेख कक्ष यांची फेरमांडणी केली. ती राज्यभर ‘लखीना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. तिच्याशी जोडले गेलेले नाव म्हणजे सहा गठ्ठा पद्धत. प्रत्येक कारकुनाने आपल्याकडचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: प्रलंबित प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. निकाली कागदांनाही वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘क-1’ 5 वर्षे आणि ‘ड’ 1 वर्ष.

ऐकायला ही निव्वळ कपाट आवरण्याची गोष्ट वाटते. पण तिचे मर्म पहिल्या दोन गठ्ठ्यांत आहे. कारकून रजेवर असला तरी शेजारच्याला त्याच्या टेबलावरचा कागद काढता येतो, आणि ‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर देता येत नाही. शिवाय आपल्याकडून अडलेले आणि दुसऱ्याकडून अडलेले वेगळे झाले की दिरंगाई कोणाची, हे वरिष्ठाला गठ्ठा पाहून समजते. आजही राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या आणि महसूल कार्यालयांच्या तपासण्यांत सहा गठ्ठ्यांची विचारणा होते. अनेक ठिकाणी तपासणीच्या आदल्या दिवशी ते बांधले जातात, हा भाग वेगळा. या पद्धतीची मर्यादा अशी की गठ्ठा साहेबाला दिसतो, खिडकीबाहेरच्या अर्जदाराला दिसत नाही.

अर्जदाराला तो दिसावा, ही मागणी पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून जोरकसपणे पुढे आली. पाणलोटाच्या कामाने हे गाव आधीच गाजले होते. अण्णा हजारे यांनी 1991 मध्ये भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन उभे केले. सुरुवात वन खात्यातल्या भ्रष्टाचारापासून झाली, पण अधिकारी बदलून किंवा निलंबित होऊन प्रश्न सुटत नाही हे लवकरच ध्यानात आले. त्याच दशकात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन गावागावांत जनसुनवाया घेऊन रोजगाराच्या कामांचे हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवत होते. सरकारी कागद नागरिकाला पाहता यावा, हा विचार जगाला नवा नव्हता. स्वीडनने तो 1766 मध्येच कायद्यात आणला होता.

महाराष्ट्राने 2000 मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, पण तो इतका पांगळा होता की त्यातून हाती फारसे लागत नव्हते. आंदोलनाच्या रेट्याने 2002 चा सुधारित कायदा आला आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी अडकून पडला. 9 ऑगस्ट 2003 रोजी अण्णांनी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण सुरू केले आणि त्या उपोषणाच्या काळातच संमती मिळाली. पुढे 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा लागू झाला आणि राज्याच्या कायद्याची जागा त्याने घेतली.

या कायद्याचा गाजावाजा मोठे घोटाळे बाहेर काढण्यासाठी झाला. सामान्य अर्जदाराला त्याचा उपयोग मात्र अगदी साध्या प्रश्नासाठी आहे. अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, तो कोणाकोणाकडे किती दिवस होता, त्यांची नावे आणि पदनामे काय, एवढेच विचारायचे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांपर्यंत हवा, त्यावर 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते. उत्तर 30 दिवसांत द्यायचे असते. असा अर्ज पोहोचला की कागद पुष्कळदा उत्तर येण्याआधीच हलतो, कारण उत्तरात आपले नाव लिहून द्यायला कोणाला आवडत नाही. माहिती नाकारली तर आधी त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे अपील आणि नंतर माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. आयोग दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो. पण दुसऱ्या अपिलाच्या निकालाला कायद्यात मुदत नाही आणि आयोगाकडे अपिलांचा ढीग आहे. दिरंगाईविरुद्धची दाद दिरंगाईतच अडकते. माहिती अर्जांचाच धंदा करणारेही प्रत्येक तालुक्यात एक-दोन निघाले आहेत. खऱ्या अर्जदाराकडे कार्यालय संशयाने पाहते त्याला तेही कारण आहे.

अण्णांच्या याच आंदोलनाच्या मागण्यांतून आलेला दुसरा कायदा 2005 चा. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध, असे त्याचे लांबलचक नाव आहे. बोलण्यात तो दफ्तर दिरंगाई कायदा. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर 45 दिवसांत आणि पाठवावी लागत असेल तर 3 महिन्यांत निर्णय व्हावा, असे तो सांगतो. नागरिकांची सनद प्रत्येक कार्यालयाने प्रसिद्ध करावी हेही त्यातच आहे. जाणूनबुजून उशीर करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करायची आहे, पण ती करायची वरिष्ठाने, आणि वरिष्ठाच्या टेबलावरही गठ्ठा असतोच. त्यामुळे हा कायदा अर्जात नमूद करण्यापुरता उरला, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने त्यातली एक उणीव भरून काढली. उशिराची दाद मागण्याचा अधिकार त्याने अर्जदाराच्या हाती दिला. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला दिवस ठरले, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरला, आणि दोन अपिलीय अधिकारी ठरले. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिले अपील, तिथे न्याय मिळाला नाही तर दुसरे, आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे. सबळ कारणाशिवाय सेवा अडवणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. सगळा डोलारा पोचपावतीवर उभा आहे, कारण मुदत पावतीच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणूनच ‘कागद ठेवून जा, बघतो’ हे खिडकीवरचे सर्वांत महाग पडणारे वाक्य आहे. तसा ठेवलेला कागद कायद्याच्या दृष्टीने आलेलाच नसतो.

ऑनलाइन कारभाराने काय साधले आणि काय नाही, याचेही उत्तर याच वाटेवर मिळते. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. उताऱ्यासाठी तलाठ्याची सही लागेनाशी झाली आणि त्या सहीभोवतीची चिरीमिरीही आटली. मोजणी, वारस चौकशी, स्थळपाहणी यांत मात्र माणसाचा अभिप्राय लागतोच. तिथे अर्ज संगणकावरून जातो आणि बोलणी पूर्वीसारखीच टेबलापाशी होतात. शिवाय ‘सर्व्हर डाऊन आहे’ या नव्या सबबीला कोणी आव्हान देऊ शकत नाही.

पैसे मागितलेच गेले तर वाट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जाते. त्याचा टोल-फ्री क्रमांक 1064 आहे. अहिल्यानगरचे कार्यालय नाशिक परिक्षेत्रात येते. तक्रार आली म्हणजे लगेच सापळा लागतो, असे नाही. आधी पडताळणी होते. तक्रारदार पंचांसोबत जातो, संभाषण ध्वनिमुद्रित होते आणि मागणी खरोखर झाली का, किती झाली, ‘तडजोडीअंती’ किती ठरली, हे नोंदवले जाते. मग तक्रारदाराच्या नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून त्यांना अँथ्रासीनची पूड लावतात. ती साध्या उजेडात दिसत नाही. रक्कम स्वीकारली की तक्रारदार ठरलेली खूण करतो, पथक आत शिरते आणि अतिनील दिव्याखाली घेणाऱ्याची बोटे चमकतात. खासगी इसमाने पैसे घेतले तरी साहेब सुटतातच असे नाही; ते कोणाच्या सांगण्यावरून घेतले, हे ध्वनिमुद्रणातून ठरते.

नोटा सापडल्या म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असेही नाही. मागणी सिद्ध व्हावी लागते. तक्रारदार मरण पावला किंवा न्यायालयात उलटला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून ती सिद्ध करता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये दिला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच घेणाऱ्याला 3 ते 7 वर्षे कैद आहे. त्याच दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. ज्याला ती देणे भाग पडले, त्याने 7 दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर त्याला संरक्षण आहे. ही सात दिवसांची अट गावोगाव फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याचा फायदा मागणारा घेतो.

अटक झालेला कर्मचारी 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर नियमानुसार निलंबित मानला जातो. खटला चालवायला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि खटले वर्षानुवर्षे चालतात. दरम्यान निलंबनाचा आढावा होऊन तो पुन्हा कामावर येऊ शकतो, बहुधा दुसऱ्या तालुक्यात. लोकांना हे माहीत असते, आणि तक्रार करायला पाय मागे घेतला जातो त्यामागे हीच माहिती असते. दुसरी भीती कामाची असते: साहेब तर गेला, आता माझा फेरफार कोण करणार? सापळ्यात गुंतलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळण्याची तरतूद आहे, आणि त्याचे कायदेशीर काम अडून राहू नये म्हणून विभाग संबंधित कार्यालयाकडे पाठपुरावा करतो. त्यासाठी मूळ अर्जाची पोचपावती तक्रारीसोबत जोडलेली बरी.