नव्ह-शापेल : एका फ्रेंच खेड्यातली आपली नावं



फ्रान्स म्हटलं की आपल्याला पॅरिस आठवतं. आज मी तुम्हाला फ्रान्सच्या उत्तर टोकाला, हजार-दीड हजार वस्तीच्या एका खेड्यात नेणार आहे. नाव आहे नव्ह-शापेल. अर्थ साधा, ‘नवं प्रार्थनामंदिर’. लील या मोठ्या शहरापासून ते पंचवीसेक किलोमीटरवर आहे.

फौजी माणूस कुठल्याही गावाकडे आधी नकाशातून बघतो, म्हणून जमिनीपासून सुरुवात करू. सगळा मुलूख तळहातासारखा सपाट. चिकणमाती, जागोजागी पाण्याचे चर, आणि पाणी इतकं वर की हात-दोन हात खणलं तरी खड्डा भरतो. गावाच्या पूर्वेला ब्विआ द्यु बिए नावाचं रान, आणि त्यामागे ओबेरची धार. धार म्हणजे काय, तर काही मीटरचा उंचवटा. आपल्या सह्याद्रीच्या माणसाला तो चढ वाटणारही नाही. पण सपाट मुलखात काही मीटर उंचीवर बसलेल्या माणसाला खालचं सगळं दिसतं. या गावाचं नशीब त्या उंचवट्यानं ठरवलं.

1914 च्या ऑक्टोबरात जर्मनांनी गाव घेतलं. 28 ऑक्टोबरला ते परत घेण्यासाठी जे पुढे गेले, त्यांत 47वी शीख पलटण होती आणि बॉम्बे सॅपर्सच्या 20 व 21 नंबरच्या कंपन्या होत्या. बॉम्बे सॅपर्स म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे. मराठे, शीख, मुसलमान असे जवान. त्यांचं काम पूल बांधायचं, खंदक खणायचं. त्या दिवशी त्यांना संगीन लावून गल्ल्यांत पाठवलं. घराघरांतून लढत ते गावात शिरले, पण मागून कुमक आली नाही आणि माघार घ्यावी लागली. त्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

मग आला 10 मार्च 1915. विमानातून काढलेल्या फोटोंवरून शत्रूच्या खंदकांचे नकाशे तयार केले होते. सकाळी 35 मिनिटं तोफांचा भडिमार झाला आणि मेरठ डिव्हिजन व इंग्रज पलटणी एकदम निघाल्या. थोड्याच वेळात गाव हातात आलं. पुढे मात्र तोफगोळ्यांनी टेलिफोनच्या तारा तुटल्या, हुकूम पोहोचायला तास लागले, आणि तेवढ्यात जर्मनांनी कुमक आणली. तीन दिवसांत सुमारे एक किलोमीटर जमीन मिळाली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून इंग्रज-हिंदी फौजेची हानी 11 हजारांवर गेली. त्यांत आपले 4 हजारांहून जास्त. गढवाल रायफल्सच्या गबर सिंग नेगींना इथेच मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

लढाईमागची एक गोष्टही सांगतो. विश्रांतीला मागे आलेले आपले जवान आसपासच्या शेतघरांत राहत. घरचे पुरुष आघाडीवर, म्हणून नांगर धरणाऱ्या, गुरं सांभाळणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या. सेन्सॉरनं जपलेल्या त्यांच्या पत्रांत याचं नवल आहे, आणि मुलींना शाळेत घाला असा घरच्यांना आग्रहही आहे.

युद्धात गावाच्या विटांचा ढीग झाला. आज दिसतं ते सगळं नंतर बांधलेलं लाल विटांचं गाव. त्यांच्या ग्रामपंचायतीला कम्यून म्हणतात. दर सहा वर्षांनी निवडणूक होते, आणि चर्चमध्ये लग्न करायचं असलं तरी आधी मेअरसमोर करावं लागतं, तेच कायद्याचं. भोवती गहू, बटाटा आणि साखरेचं बीट. नांगरताना अजून तोफगोळे वर येतात. शेतकरी त्याला हात लावत नाही. कळवतो, आणि सरकारी पथक येऊन घेऊन जातं. शंभर वर्षांनंतरही हा तिथल्या शेतीचा एक भागच आहे.

गावाबाहेर, ला बासेहून एस्तेरला जाणाऱ्या रस्त्याच्या चौकात आपलं स्मारक आहे. 7 ऑक्टोबर 1927 ला त्याचं उद्घाटन झालं. नवी दिल्लीचं सचिवालय बांधणाऱ्या हर्बर्ट बेकरनंच ते उभारलं. गोल आवार, सांचीची आठवण देणारा कठडा, उंच स्तंभावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. भिंतीवर 4,700 हून अधिक नावं आहेत, पलटणीप्रमाणे कोरलेली. हे ते लोक, ज्यांची राख किंवा कबर कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. मी निवृत्तीनंतर तिथे गेलो तेव्हा हिरवळ नीट कापलेली होती आणि अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात, पंजाबात कितीतरी गावांच्या चावडीवर किंवा वेशीत एक इंग्रजी पाटी असते : या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांतले इतके कामी आले. फक्त आकडा. नावं नाहीत. आकडा आपल्या वेशीत आणि नावं साता समुद्रापार, अशी ही वाटणी आहे.

ती जोडता येते, म्हणून आज हा विषय घेतला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. नाव किंवा पलटण टाका. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही सापडतो. इंग्रजांनी स्पेलिंग कशीही केली आहेत, तेव्हा चार प्रकारांनी शोधा. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला असा, मूळ गावी जाल तेव्हा ती पाटी बघा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. एखादं नाव जुळलं, तर ते त्या पाटीशेजारी मराठीत लिहून लावा. ग्रामपंचायतीचा एक ठराव आणि एका फरशीचा खर्च, एवढंच लागतं.

जय हिंद.