हायब्रिड गाडी : गिअर नाहीत, पण गिअरबॉक्स आहे!

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं छोटं भाषण)



कोणी सेकंडहँड हायब्रिड घ्यायला निघालं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तिला गिअरच नसतात, म्हणजे बघायलाच नको!" यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा मात्र खिशाला जड जाऊ शकतो.

उदाहरणादाखल टोयोटाची २००४ ते २००९ मॉडेलची प्रियस घेऊ. हिच्यात क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही. मधोमध ३० दात्यांचं 'सूर्य'चक्र, त्याभोवती ग्रहचक्रं आणि बाहेर ७८ दात्यांचं कडं. इंजिन जोडलंय ग्रहांच्या चौकटीला, छोटी मोटर सूर्याला आणि मोठी मोटर कड्याला. चाकं फिरतात ती कड्यावरून. इंजिनाचा सुमारे ७२ टक्के जोर कड्याकडे जातो, २८ टक्के सूर्याकडे. कॉम्प्युटर छोट्या मोटरचा वेग कमी-जास्त करतो, आणि गाडीचा वेग तोच असला तरी इंजिनाचा वेग बदलतो. म्हणजे गिअर न बदलता गिअर बदलल्याचं काम होतं! इंजिन सुरू करणं आणि वीज बनवणं, हीसुद्धा याच मोटरची कामं.

मग देखभाल कशाची? पहिलं, ऑइल. वंगण आणि मोटरींची उष्णता वाहून नेणं, दोन्ही त्याच्याकडेच. अनेक अनुभवी मेकॅनिक साधारण ६० हजार मैलांवर ते बदलायला सांगतात. या गाडीत टोयोटाचं 'डब्ल्यूएस' ऑइलच घाला. काम सोपं आहे, जुनं खालून सोडायचं, नवं वरून भरायचं.

दुसरं, इन्व्हर्टरचं कूलंट. त्याचा पंप इंजिनाच्या पंपाहून वेगळा असतो. २०१२ साली यातल्या काही गाड्यांचा हाच पंप टोयोटाने रिकॉल केला होता. आपल्या गाडीचं ते काम झालंय का, हे गाडीच्या नंबरवरून तपासून घ्या.

तिसरं, गाडी बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. चाकांबरोबर मोठी मोटर फिरते आणि नुकसान होतं. पूर्ण गाडी वर चढवणारा ट्रकच मागवा. लांब ट्रॅफिकमध्ये 'एन'मध्येही थांबू नका, त्यात बॅटरी चार्ज होत नाही. आणि नारिंगी तारांना हात लावायचा नाही. तिथे जीवघेणा व्होल्टेज असतो.

सगळ्या हायब्रिड सारख्या नसतात, हेही लक्षात ठेवा. त्या काळातल्या होंडा सिव्हिक हायब्रिडमध्ये पट्ट्याचा सीव्हीटी आहे, त्याचं ऑइल वेगळं. तेव्हा गाडी घेताना मायलेजबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, "गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं? पावती आहे का?" उत्तर ऐकून मगच किंमत ठरवा.