खुर्ची सोडून दाखवणारा न्यायाधीश



आमच्यासारखा कामगार चळवळीतला माणूस न्यायाधीशाविषयी चांगले बोलू लागला, की लोकांना नवल वाटते. संपाच्या दिवसांत कोर्टाशी आमची गाठ पडते ती बहुधा मनाई हुकमाच्या निमित्ताने. तरीही आज आम्ही अमेरिकेतील विल्यम हेस्टी यांच्याविषयी बोलणार आहोत.

हेस्टी कृष्णवर्णीय. जन्म १९०४ चा, टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिलचा. हार्वर्डमध्ये कायदा शिकून ते वॉशिंग्टनला आले. तेथील दुकानदार काळ्या गिऱ्हाइकांचे पैसे आनंदाने घेत. नोकरी द्यायची वेळ आली की दार बंद! तेव्हा 'न्यू निग्रो अलायन्स'चे तरुण फलक घेऊन दुकानांपुढे उभे राहिले. दुकानदार मनाई हुकमासाठी कोर्टात धावले. अलायन्सच्या वकिलांत हेस्टी होते. अखेर १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हाही कामगार तंटाच आहे आणि १९३२ च्या कायद्याचे संरक्षण त्यालाही आहे. हा निर्णय आम्हांला आपल्या घरचा वाटतो.

त्याआधीच, १९३७ साली, हेस्टी व्हर्जिन बेटांवर न्यायाधीश झाले होते. संघराज्याच्या न्यायासनावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९४० मध्ये ते युद्धखात्याचे सल्लागार झाले. काळा शिपाई देशासाठी मरायला चालत होता, पण गोऱ्यांच्या शेजारी शिकायला चालत नव्हता. सल्ला ऐकला जात नाही असे दिसताच, ऐन महायुद्धात, १९४३ साली त्यांनी राजीनामा दिला.

अशा माणसाची कारकीर्द तेथेच संपली असे कोणालाही वाटेल. पण १९४९ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयावर नेमले. त्या पदावरचेही ते पहिलेच कृष्णवर्णीय. अपील न्यायालयात साक्षीपुरावा नव्याने होत नाही. बहुधा तीन न्यायाधीश खालच्या कोर्टाचे कागद वाचून कायद्याची चूक शोधतात. तेथे टाळ्या नाहीत, वर्तमानपत्रांत फारसे नाव नाही. हेस्टींनी हे काम वीस वर्षांहून अधिक केले. १९६८ ते १९७१ ते मुख्य न्यायाधीश होते. १९७६ साली ते वारले.

श्रोतेहो, पद मिळाले की माणूस बदलतो, हे आम्ही युनियनच्या कचेरीतही पाहतो. म्हणून माणसाला खुर्चीवर बसवताना त्याची विद्वत्ता जरूर पाहावी. पण ती खुर्ची सोडायची वेळ आली तर तो उठेल काय, हेही विचारावे. हेस्टी उठले होते. म्हणूनच पुढे ते बसले, तेव्हा त्या आसनाची प्रतिष्ठा वाढली.