सामाईक तास : छोट्या कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थीजीवन आणि त्यामागचे हात

अमेरिकेतील उच्च शिक्षण म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हार्वर्ड किंवा स्टॅनफर्डसारखी निवासी विद्यापीठे, त्यांची वसतिगृहे आणि रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी ग्रंथालये उभी राहतात. परंतु त्या देशात पदवीच्या वाटेला लागणाऱ्या विद्यार्थ्यांतील फार मोठ्या वर्गाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही, कारण त्यांचे शिक्षण घरापासून मोटारीच्या वा बसच्या अंतरावर असलेल्या कम्युनिटी कॉलेजात होते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारे, बहुधा सरकारी असलेले आणि राज्याचे अनुदान, विद्यार्थ्यांची फी व अनेक ठिकाणी स्थानिक मालमत्ता कर यांवर उभे असलेले महाविद्यालय. तेथे प्रवेशासाठी गुणांची चाळणी लावली जात नाही; या धोरणाला ‘खुला प्रवेश’ असे म्हणतात. दोन वर्षे पूर्ण करणाऱ्याला ‘असोसिएट’ ही पदवी मिळते आणि तिच्या बळावर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाता येते, किंवा परिचारिका, वेल्डर, दंतआरोग्य तंत्रज्ञ अशा कामांचे शिक्षण घेऊन थेट नोकरी धरता येते. अशी महाविद्यालये आज एक हजाराहून अधिक आहेत, आणि त्यांतील कित्येक इतकी लहान आहेत की द्वारपालापासून अध्यक्षापर्यंत सारे एकमेकांना नावाने ओळखतात.

या संस्थेचा उगम १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी हायस्कूललाच विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांची जोड दिली, तेव्हा वर्गात केवळ सहा विद्यार्थी होते. पुढे दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला आणि अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली, म्हणजे भारत स्वतंत्र झाला त्याच वर्षी, अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर विणण्याची शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते प्रामुख्याने या अहवालामुळे. नावातील ‘कम्युनिटी’ या शब्दात एक अपेक्षा गृहीत होती, की महाविद्यालय गावाचे असेल आणि त्यात शिकणाऱ्यांचाही एक समुदाय बनेल. या अपेक्षेचा दुसरा अर्धा भाग पुरा करणे किती कठीण असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

निवासी विद्यापीठात समुदाय घडवण्यासाठी फारसे काही करावे लागत नाही, कारण एका छताखाली झोपणारी आणि एका भोजनगृहात जेवणारी मुले संध्याकाळी आपोआप एकत्र येतात. कम्युनिटी कॉलेजातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, बहुतेकांना नोकरी असते, अनेकांना मुले असतात, आणि बहुसंख्य महाविद्यालयांना वसतिगृह नसते. सकाळी आठ ते दहा वर्ग आणि अकरापासून किराणा दुकानातील पाळी असा ज्याचा दिवस आहे, त्याचे महाविद्यालयाशी असलेले नाते वाहनतळ, वर्ग आणि पुन्हा वाहनतळ एवढ्यावर संपते. अशा विद्यार्थ्यापाशी नसतो तो इतरांबरोबर एकाच वेळी मोकळा मिळणारा वेळ. आवड किंवा गुण यांची वाण त्याला क्वचितच असते. म्हणून तेथील विद्यार्थी उपक्रमांचा विचार करताना पैसा, जागा, नेतृत्व या नेहमीच्या बाबींआधी वेळेचा विचार करावा लागतो, आणि हा वेळ कोणीतरी तयार करावा लागतो.

तो तयार करण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे ‘कॉलेज अवर’. आठवड्यातील एक-दोन दिवशी, सामान्यतः दुपारी, एक तास असा राखला जातो की त्या वेळी शक्यतो कोणताही वर्ग भरत नाही. त्याला मराठीत ‘सामाईक तास’ म्हणता येईल. विद्यार्थी संसदेची बैठक, वादविवाद मंडळ, परिचारिका विद्यार्थ्यांची संघटना, नाटकाच्या तालमीचा पहिला भाग, १९१८ साली मिसुरीत स्थापन झालेल्या आणि दोन वर्षांच्या महाविद्यालयांतील गुणवंतांसाठी असलेल्या ‘फाय थीटा कप्पा’ या संस्थेच्या शाखेची सभा, हे सारे त्या एका तासात कोंबावे लागते. वरवर पाहता ही सोय क्षुल्लक वाटते. परंतु वेळापत्रक आखणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलावरून पाहिले तर तिची किंमत कळते, कारण छोट्या महाविद्यालयात जीवशास्त्राची प्रयोगशाळा बहुधा एकच असते, तीन तासांचे प्रात्यक्षिक मध्ये तोडता येत नाही, अर्धवेळ शिकवणारे प्राध्यापक त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात तास घेत असतात, आणि दुपारचा तो तास मोकळा ठेवायचा तर दोन-तीन वर्ग सकाळी सातला किंवा संध्याकाळी सातनंतर ढकलावे लागतात. सामाईक तास वेळापत्रकात टिकून राहिला आहे याचा अर्थ दर सत्रापूर्वी कोणीतरी त्याच्यासाठी भांडले आहे. विद्यार्थ्यांच्या लेखी मात्र तो तास मुळात होताच.

यानंतरची साखळी आणखी लांब आहे. विद्यार्थ्यांकडून फीबरोबर ‘उपक्रम शुल्क’ नावाची लहानशी रक्कम घेतली जाते आणि तिच्या वाटपात विद्यार्थी संसदेचा शब्द चालतो. लोकशाहीचा तो प्रत्यक्ष धडाच असतो. परंतु हा पैसा सार्वजनिक असल्यामुळे मंडळाने एखाद्या कार्यक्रमासाठी शंभर जणांचे जेवण ठरवले की मागणीपत्र, दरपत्रके, सल्लागार प्राध्यापकाची सही, हिशेब विभागाची मंजुरी आणि शेवटी जपून ठेवलेली पावती, असा सारा प्रवास त्या जेवणाला करावा लागतो. सभागृहाचा अर्ज वेगळा असतो. तो सफाई व देखभाल विभागाकडे जातो, तेथे खुर्च्यांची मांडणी अर्जासोबतच्या आकृतीवरून ठरते. ध्वनिक्षेपक संगणक विभागाकडून येतो. दार सुरक्षारक्षक उघडतो. आणि सहल असेल तर गाडी चालवणाऱ्याचा परवाना व प्रत्येक विद्यार्थ्याचे संमतिपत्र तपासावे लागते. मोठ्या विद्यापीठात यांतील प्रत्येक कामाला स्वतंत्र कचेरी असते. छोट्या महाविद्यालयात विद्यार्थी उपक्रमांचा अधिकारी बहुधा एकच असतो, आणि नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत, ओळखपत्रे, विद्यार्थी संसदेचे मार्गदर्शन आणि पुष्कळदा गरजूंसाठीचे धान्यभांडारही त्याच्याच किंवा तिच्याच गळ्यात असते. ही धान्यभांडारे गेल्या काही वर्षांत अनेक महाविद्यालयांत उभी राहिली, कारण वर्गात भुकेने बसणारा विद्यार्थी हा अपवाद नाही हे प्रथम ध्यानात आले ते खिडकीपलीकडे बसणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या.

या कर्मचाऱ्यांना काय म्हणायचे, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. मराठीत ‘शिक्षकेतर’ हा शब्द रूढ आहे. कार्यालय अधीक्षक, लिपिक, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा परिचर, शिपाई या सर्वांची ओळख ते जे नाहीत त्यावरून करून देणारा हा शब्द आहे. कॅलिफोर्नियात त्यांना ‘क्लासिफाइड’, म्हणजे ‘वर्गीकृत’ कर्मचारी म्हणतात, कारण त्यांची पदे कामाच्या स्वरूपानुसार वर्गवार लावलेली असतात. पहिला शब्द वगळतो, दुसरा कप्प्यात ठेवतो, आणि विद्यार्थ्यांशी त्यांचे जे प्रत्यक्ष नाते असते ते दोहोंतून निसटते. कॅलिफोर्नियाने १९८८ साली केलेल्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांच्या कारभारात प्राध्यापकांबरोबर या कर्मचाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांनाही सहभागाचा हक्क दिला, ही गोष्ट त्या राज्याच्या शिक्षणव्यवस्थेला शोभा देणारी आहे.

खिडकीपलीकडच्या कामात सर्वांत अदृश्य काम आर्थिक साहाय्याचे होय. गरीब विद्यार्थ्यांना केंद्र सरकार जे अनुदान देते त्याचा आरंभ १९७२ च्या कायद्याने झाला आणि १९८० पासून ते सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने ओळखले जाते. हे अनुदान परत करावे लागत नाही, असा समज सर्वत्र आहे आणि तो पुष्कळसा खराही आहे. परंतु नियम असा की विद्यार्थ्याने सत्राचा साठ टक्के काळ उलटण्याआधी सारे वर्ग सोडले, तर न ‘कमावलेल्या’ दिवसांच्या प्रमाणात रक्कम सरकारकडे परत जाते. ती भरल्यावर महाविद्यालय आपली फी विद्यार्थ्याकडे मागू शकते आणि थकबाकी उरली की पुढच्या सत्राची नावनोंदणी अडते. आजारी आईसाठी सहाव्या आठवड्यात महाविद्यालय सोडू पाहणाऱ्या मुलीला ‘सारे वर्ग सोडण्याआधी एकदा आत येऊन बस, एखादा वर्ग ठेवता येतो का ते पाहू’ असे सांगणारा लिपिक त्या क्षणी तिच्या शिक्षणाचे जे रक्षण करतो, त्याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात होत नाही.

तथापि या कामाकडे केवळ कृतज्ञतेने पाहून चालणार नाही. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होझे येथील महाविद्यालयाचा अभ्यास करून १९६० साली असे दाखवले, की खुल्या दारातून आत आलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची विद्यापीठात जाण्याची आकांक्षा समुपदेशक, चाचण्या आणि प्रगतिपुस्तकातील शेरे यांच्या साहाय्याने हळूहळू निवत जाते. त्याला त्यांनी ‘थंड करणे’ अशा अर्थाचे नाव दिले. दार सताड उघडे ठेवणे आणि आत आलेल्याला कोपऱ्यातल्या खोलीकडे वळवणे, ही दोन्ही कामे एकाच टेबलावरून होऊ शकतात, हे क्लार्क यांचे निरीक्षण आजही जुने झालेले नाही.

विद्यार्थी का टिकतात या प्रश्नावर व्हिन्सेंट टिंटो यांचे १९७५ पासूनचे लेखन सर्वाधिक चर्चिले गेले. विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात जितका मिसळतो तितका तो टिकतो, हे त्यांच्या सिद्धान्ताचे सार. पण त्यात निवासी विद्यापीठाची छाया होती. पुढे सिअ‍ॅटल येथील एका कम्युनिटी कॉलेजाच्या अभ्यासावरून १९९७ साली त्यांनी मांडले, की ज्यांना वर्गाबाहेर वेळच नाही त्यांच्यासाठी समुदाय वर्गातच घडवावा लागतो. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ साली सुरू केलेला ‘असाप’ हा कार्यक्रम याच दिशेने गेला आणि त्याने वेळ तयार करण्याचा प्रश्न अंगावर घेतला : फीतील उरलेली रक्कम माफ, पुस्तके विनामूल्य, शहरातील प्रवासाचा पास, एकमेकांना लागून येणारे वर्ग, आणि थोडक्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला मार्गदर्शक. ज्यांना या कार्यक्रमात घेतले त्यांतील चाळीस टक्के तीन वर्षांत पदवीधर झाले, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने बाहेर राहिलेल्यांतील बावीस टक्के. या यशाचे श्रेय कोण्या एका घटकाला देता येत नाही, पण बसचा पास आणि ओळखीचा मार्गदर्शक या दोन गोष्टी त्यात आहेत, एवढे लक्षात घेण्याजोगे आहे.

विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्यातली सीमारेषा जेथे पुसट होते ते ठिकाण मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटेल. १९६४ च्या कायद्याने आलेल्या ‘वर्क-स्टडी’ योजनेत गरजू विद्यार्थ्याला महाविद्यालयातच काम मिळते आणि त्याच्या मजुरीचा बराच भार केंद्र सरकार उचलते. छोट्या महाविद्यालयातील ग्रंथालयाची खिडकी, संगणक कक्ष, व्यायामशाळेतील टॉवेलांचे कपाट, हे सारे पुष्कळदा या विद्यार्थ्यांच्या हाती असते, आणि वर्गाच्या वेळेला सांभाळून घेणारी ही एकच नोकरी असल्यामुळे पैशाइतकेच वेळेचे बळही तिच्यातून मिळते. सातारा येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, तेव्हा ‘कमवा व शिका’ हे तत्त्व त्याच्या पायात घातले होते. दोहोंत फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे : अमेरिकेतील योजना श्रमाकडे गरजेची तरतूद म्हणून पाहते, तर कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या परंपरेत श्रम हे शिक्षणाचेच अंग मानले गेले आणि ते करणाऱ्या मुलाची मान वर राहील याची काळजी घेतली गेली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली तेव्हा कौशल्यांच्या अभ्यासक्रमांची बरीच चर्चा झाली; साताऱ्याचा हा घरचा अनुभव तिच्या केंद्रस्थानी यायला हवा होता.

एक उणीव मात्र सामाईक तासाच्या मुळातच आहे. दुपारी बाराचा तास संध्याकाळी सहाला येणाऱ्यांचा नसतो, आणि ते येतात तेव्हा बहुतेक कचेऱ्या बंद झालेल्या असतात. दिवसभर गोदामात काम करून लेखाशास्त्राच्या वर्गाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाचा म्हणून जो माणूस नियमित भेटतो तो रात्रपाळीचा सफाई कर्मचारी असतो. वर्ग संपल्यावर फळ्यावरील गणित वहीत उतरवून होईपर्यंत दिवा चालू ठेवणे त्याच्या हाती असते. अनेक महाविद्यालये कर्मचाऱ्यांना फीत सवलत देतात, त्यामुळे हा माणूस स्वतःही एखाद्या वर्गात नाव नोंदवून असू शकतो. या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम आखायचे तर आठवड्यातून दोन संध्याकाळी कचेऱ्या उघड्या ठेवाव्या लागतील आणि मुलांना सांभाळणारी खोली लागेल. हा खर्च उपक्रम शुल्कातून भागणारा नाही, तो संस्थेने आपल्या मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.

वर्षाच्या शेवटी पदवीदान समारंभ येतो आणि तो पुष्कळ ठिकाणी व्यायामशाळेतच होतो. त्याआधी कित्येक आठवडे नोंदणी कार्यालय प्रत्येक अर्जदाराचे श्रेयांक मोजून पाहते, कोणाचा एखादा विषय राहून गेला असेल तर त्याला कळवते, आणि मग नावांची कार्डे तयार होतात. या कार्डांवर नावाखाली विद्यार्थ्याने त्याचा उच्चार अक्षरशः जसा ऐकू येतो तसा लिहून द्यायचा असतो, कारण व्हिएतनामी, स्पॅनिश, सोमाली वा भारतीय नावे वाचणाऱ्याची जीभ अडखळू नये. कुटुंबातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलीचे नाव ध्वनिक्षेपकावरून नीट ऐकू येते, प्रेक्षकांतून तिची आजी उभी राहते, आणि व्यासपीठाच्या पायऱ्यांशी कार्डे ओळीने लावून देणारी लिपिक पुढचे कार्ड हातात घेते.