यंत्र थांबते तेव्हा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



हेलिकॉप्टरचे इंजिन आकाशात बंद पडले की ते दगडासारखे कोसळते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. वैमानिकाने डाव्या हाताचा दांडा तत्काळ खाली केला, तर पात्यांचा कोन कमी होतो. खालून येणारी हवा पात्यांतून वर वाहते आणि भिंगरीप्रमाणे पंखा फिरतच राहतो. जमीन जवळ येताच नाक वर उचलून वेग मोडायचा आणि पंख्यात साठलेली गती अखेरच्या क्षणी खर्च करून अलगद टेकायचे. यालाच ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात. परंतु दांडा खाली करण्यास जेमतेम एक-दोन सेकंदांचा अवधी असतो. तेवढ्यात विचार करता येत नाही. हातात मुरलेला अभ्यासच तेथे कामी येतो.

२१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक झां बुले यांनी ‘लामा’ हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेले. तेथील भीषण थंडीत इंजिन विझले, ते पुन्हा सुरू झाले नाही. बुले यांनी ते इंजिनाविना थेट जमिनीपर्यंत सुखरूप उतरविले. तो एक विक्रमच ठरला.

या कथेशी आपले नाते आहे. भारतीय सैन्यदलांच्या गरजेतूनच ‘लामा’ घडले आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते ‘चीता’ या नावाने बांधले. १९८४ च्या ‘ऑपरेशन मेघदूत’नंतर सियाचीनच्या चौक्यांवर रसद पोहोचविण्याचा आणि जखमींना खाली आणण्याचा भार या एकइंजिनी यंत्राने वाहिला. तेथे हवा विरळ, उतरण्यास सपाट जागा दुर्मीळ. कमी उंचीवर, कमी वेगात इंजिन थांबले तर निष्णात वैमानिकही हतबल होतो. कौशल्यालाही मर्यादा असतात, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच, वैमानिक वाचला की ‘दैव बलवत्तर’ म्हणून मोकळे होणे हा त्याच्या साधनेचा अवमान आहे. त्या काही सेकंदांमागे वर्षानुवर्षांचा सराव असतो. सरावासाठी उड्डाणाचे तास, इंधन आणि निर्दोष यंत्रे लागतात. चीताची जागा घेण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने घडविलेल्या हलक्या हेलिकॉप्टरने २०१६ साली पहिले उड्डाण केले. मेघदूतानंतर तब्बल बत्तीस वर्षांनी! शूरांच्या धैर्यावर विसंबून राष्ट्राने आपल्या कर्तव्यात विलंब करू नये.

हुतात्म्यांना आपण पुष्पचक्र वाहतो, ते योग्यच आहे. परंतु पुष्पचक्राची वेळच येऊ नये, यासाठी जागरूक राहणे ही समाजाची खरी कृतज्ञता होय.